शंभरातल्या आठ वड्या

माझ्या मुलीचे सध्या दशांश अपूर्णांक चाललेत. माझे वडील दोनदा म्हणाले, "मी घेतो तिचा अभ्यास." दोन्ही वेळा मी सरळ नाही म्हटलं. त्यांना राग आला. येऊ दे.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. आम्ही भोईवाड्यात राहायचो आणि वडील एका कचेरीत कारकून होते. माझ्या वाढदिवसाला आईने मोठा चौकोनी ट्रे भरून खोबऱ्याच्या वड्या थापल्या होत्या. शाळेत सगळे चॉकलेट वाटायचे. मी मात्र आठवडाभर वर्गात मिरवत होते, की माझ्या आईच्या हातच्या वड्या आणणार.

सकाळी आई सुरी घेऊन बसली, तेवढ्यात वडिलांनी विचारलं, "पॉइंट चार गुणिले पॉइंट दोन?"

"पॉइंट आठ," मी म्हटलं. गुणलं की वाढतं, एवढंच मला ठाऊक होतं.

त्यांनी आईच्या हातातली सुरी घेतली. उभे दहा पट्टे कापले, मग आडवे दहा. "अख्खा ट्रे म्हणजे एक. आता उभे चार पट्टे धर, आडवे दोन. दोन्हींत येतात तेवढ्या वड्या तुझ्या. मोज."

मी मोजल्या. आठ.

"शंभरातल्या आठ. म्हणजे पॉइंट शून्य आठ. दोन्ही संख्यांत पॉइंटनंतर एकेक घर, म्हणून उत्तरात दोन घरं. तुझं उत्तर बरोबर असतं तर ऐंशी मिळाल्या असत्या. वर्गाला पुरून उरल्या असत्या."

मला वाटलं, गंमत करतायत. त्यांनी खरोखरच आठ वड्या माझ्या डब्यात ठेवल्या आणि बाकीच्या कचेरीत न्यायला बांधल्या.

"अहो, वाढदिवस आहे तिचा," आई म्हणाली.

"म्हणूनच. जन्मात विसरणार नाही."

आईने डब्याला झाकण लावलं आणि तो माझ्या दप्तरात ठेवला. तिचाही मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो.

वर्गाने टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. मग सगळे माझ्या दप्तराकडे बघत बसले. मी म्हटलं, घरी राहिल्या. शेजारची मैत्रीण मोठ्याने म्हणाली, "खोटारडी! वेलचीचा वास येतोय." सगळे फिदीफिदी हसले. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या संडासात उभी राहून आठही वड्या तोंडात कोंबल्या. खोबरं घशात अडकत होतं.

संध्याकाळी वडील खुशीत घरी आले. साहेबांनी दोन मागून घेतल्या म्हणे. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "पॉइंट तीन गुणिले पॉइंट तीन?"

"पॉइंट शून्य नऊ."

"शाब्बास!" म्हणत त्यांनी पाठीवर थाप दिली.

वड्या, वर्गातलं हसू, सगळं मी एखाद वेळेस सोडून देईन. पण त्या थापेने मी हरखून गेले होते, आणि ते मला सोडवत नाही.