गाळ्याच्या पत्त्यात आक्काचं नाव

ठाण्याजवळच्या पूर्णा गावातल्या हिरामण शेठच्या गोदामांची वेबसाइट त्यांच्या मुलीने, विनिताने, उभी केली होती, आणि २००७ च्या उन्हाळ्यात तीच साइट तिच्या डोक्याला ताप होऊन बसली होती. गाळ्यांचे फोटो होते, मापं होती, सगळं होतं. पण ज्या तयार सॉफ्टवेअरवर ती चालायची, ते प्रत्येक पानाला आपल्याच मनाने पत्ता लावायचं. इंडेक्स डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर सत्तेचाळीस, आणि वर आणखी लांबलचक शेपूट. गिऱ्हाइकाचा फोन आला की तिचा भाऊ दीपेश ते वाचून दाखवायचा, पलीकडचा "फिरसे बोलो" म्हणायचा, मग दीपेश फोन आपटायचा आणि विनितावर खेकसायचा.

यात तिचा काय दोष? ठाण्याला जाऊन कोर्स तिने केला, साइट तिने केली, आणि बोलणीही तिनेच खायची! शेवटी इरेला पेटून ती कुणालाही वाचता येतील असे पत्ते करायला बसली. एक ओळ चुकली की अख्खी साइट पांढरी फटक पडायची. होस्टिंगवाल्याला विचारावं तर तो "मॅडम, आपके साइड से प्रॉब्लम है" म्हणून मोकळा. रडकुंडीला आली, तेव्हा कुठे ते एकदाचं जमलं.

आता नावं काय द्यायची? गाळा नंबर तीन तर पूर्ण्यातल्या प्रत्येक कंपाउंडात आहे. तिने घरातली नावंच दिली. भाताच्या शेतांवर भराव पडून पत्रे चढले, तरी घरात जुनीच नावं चालत. चिंचेचं खाचर, खारीवरचं खाचर, आणि रस्त्याला लागून सगळ्यात मोठं, आक्काचं खाचर. आक्का म्हणजे हिरामण शेठची थोरली बहीण, कशेळीला दिलेली. पोरवयात तिने एका पावसात त्या खाचराचा फुटलेला बांध एकटीने घातला होता, तेव्हापासून बापाने खाचराला तिचंच नाव लावलं.

आक्काच्या मुलाने, भाविकने, ते पान आपल्या ऑफिसात पाहिलं आणि घरी सांगितलं. पुढच्याच रविवारी आक्का पेढे घेऊन हजर.

"हिरामण, माजं नाव कंप्युटरवर हाय म्हनं!"

विनिताने पान उघडून एकेका अक्षरावर बोट ठेवत पत्ता वाचून दाखवला. आक्काला इंग्रजी येत नव्हतं, पण ती पोरीसारखी खुदकन हसली. कौतुकाने पुन्हा वाचायला लावलं.

हिरामण शेठचा चेहरा मात्र उतरला. त्या खाचरावरचा हक्क आक्काने कधीच सोडला होता. कागदावर सही करून, एक साडी घेऊन ती निमूट सासरी परतली होती. पण आता एक बडी कंपनी तो गाळा घेणार होती. त्यांच्या वकिलाने विचारलं, ही आक्का कोण, तर?

"विनिता, ते नाव काढ. पयल्यासारका नंबर लाव."

"बाबा, तो नंबर कुणाला वाचता येत नाही, म्हणून तर एवढं केलं!"

"न्हाय वाचता येत, तेच बरं हाय."

विनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या दिवसांची खटपट, आणि हे!

"मी नाही काढणार. त्यात खोटं काय आहे?"

मग आक्काच म्हणाली, "काढ गो पोरी. सही मीच केली व्हती. भावाला न्हाय कसं म्हनायचं, म्हनून केली." पदराने तोंड पुसून तिने भावाकडे पाहिलं. "पन नाव बापाशीनं दिलेलं. त्याच्यावर कुटं सही न्हवती घेतली तुमी."

विनिताने नाव काढलं. आक्काला भावापुढे नाही म्हणता आलं नव्हतं, आणि आपल्यालाही बापापुढे म्हणता आलं नाही, याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला. पडद्यावर पुन्हा प्रश्नचिन्ह आणि आकडे उमटले. हिरामण शेठने वाकून पाहिलं आणि चहा सांगितला.

आक्का चहाला थांबली नाही. उठता उठता तिने विनिताकडे बोट करत विचारलं, "हिरामण, हिच्या नावाचं खाचर कुटलं रं?"

"हिचं लगीन चांगल्या घरात करून देनार हाय मी," हिरामण शेठ पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. मग विनिताकडे वळून, अगदी मायेने, "आन् दीपेशला हे सगलं शिकवून ठेव गो. तू गेल्यावर त्यालाच बगायचं हाय."