निकालाच्या दिवशीचं मटण

आमच्या घरात मी नापास झाले की मटण शिजतं. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण आजवर पाच वेळा हे घडलेलं आहे. सीएच्या फायनलचा पहिला ग्रुप मी एका झटक्यात काढला. दुसऱ्याने मात्र असा हिसका दाखवला, की पिंपळे गुरवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझा निकाल आता वासावरून कळतो.

पहिल्या वेळी मात्र तो उलटा कळला. खालच्या मजल्यावरच्या यशोदाबाई मटणाचा वास आल्याबरोबर पेढ्यांचा पुडा घेऊन वर आल्या आणि मला मिठी मारून म्हणाल्या, झाली बाई एकदाची सीए. मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाबांनी शांतपणे त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "न्हाई वहिनी, राहिली या वेळेला. बसा, जेवून जा." यशोदाबाई बसल्या, पोटभर जेवल्या आणि जाताना पेढेही वाटून गेल्या.

माझ्या बाबांचं नाव ज्ञानदेव. भोसरीच्या एका कंपनीत ते पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. पुढे कंपनी चाकणला गेली, तेही गेले. परमनंट व्हायला त्यांना नऊ वर्षं लागली. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर नाव देऊन बोलावण्याची वाट पाहायची. काम कितीही चांगलं असो, सात महिने भरले की कार्ड काढून घ्यायचे. असे अकरा ब्रेक त्यांनी खाल्ले. इतक्यांदा परत पाठवलेला माणूस खरं तर चिडका व्हायला हवा, पण तो चिडकेपणा सगळा माझ्या वाट्याला आला. बाबा शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त करतात, विहारातल्या सतरंज्या झटकतात, आणि मला परीक्षेला सोडताना पेपरबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मला याचाही राग यायचा. वाटायचं, यांना काही पडलेलीच नाही.

पाचवा निकाल लागला तेव्हा मी चिंचवडच्या ऑफिसात होते. आठ मार्क कमी पडले. माझ्यासोबत आर्टिकलशिपची उमेदवारी केलेली प्राजक्ता आता तिथे सीए म्हणून सही करते, आणि मी तिच्या सहीसाठी कागद लावून देते. प्राजक्ता गुणाची आहे, तिने मला लगेच घरी जायला सांगितलं. मी गेले नाही. परीक्षा आता बंद, हे मी ठरवून टाकलं होतं, पण ते बाबांना सांगायचं कसं? "माझी आम्रपाली सीए करते" हे त्यांनी सहा वर्षं सगळीकडे मिरवलं होतं. ते हिरावून घ्यायची माझी छाती होत नव्हती. मी फोन बंद केला आणि ऑफिस रिकामं झालं तरी बसून राहिले.

साडेसहाला बाबा दारात उभे, हातात हेल्मेट; फोन बंद लागला तेव्हाच त्यांनी निकाल ओळखला होता. त्यांना पाहताच मी भडकले. "घरी मटण शिजलं असेल ना? माझ्या नापास होण्याची मेजवानी कशाला करता तुम्ही?"

बाबा समोर बसले आणि त्यांनी मला जे सांगितलं, ते मी कधीच ऐकलं नव्हतं. चौथा ब्रेक मिळाला तेव्हा मी वर्षाची होते. त्या दिवशी ते घरी गेलेच नाहीत. बायकोला काय तोंड दाखवायचं म्हणून दिवसभर चिंचवड स्टेशनच्या बाकावर बसून राहिले, आणि डोक्यात नको नको ते येऊ लागलं. मला कडेवर घेऊन आई वणवण शोधत संध्याकाळी तिथे पोचली. ती त्यांना घरी घेऊन आली. पुढच्या ब्रेकच्या दिवशी मात्र तिने सकाळीच सांगून ठेवलं, की आज मटण करतेय, गरम आहे तोवर या. त्यानंतर प्रत्येक ब्रेकला तिने तेच केलं, परवडत नसतानाही केलं.

"मेजवानी न्हाई ती, पोरी," बाबा म्हणाले. "माणूस सरळ घरी यावा म्हणून असतंय ते."

मला रडू आवरेना. चार वेळा मी ते जेवण तोंड वाकडं करून जेवले होते, आणि चांगलं झालंय असं आईला एकदाही म्हटलं नव्हतं. डोळे पुसून मी एका दमात सांगून टाकलं, की आता फॉर्म भरणार नाही. त्यांचा चेहरा पाहवणार नाही म्हणून मी टेबलाकडे बघत राहिले.

"नको भरू," ते म्हणाले. "चल घरी."

सहा वर्षं मी ज्याला भीत होते, ते एवढ्यात उरकलं. पुढे महिन्याभराने मी आपणहून फॉर्म भरला. तो निकाल अजून यायचा आहे. लागेल तसा लागो. असे आईबाप मिळाले, याचं मला कुठल्याही निकालापेक्षा जास्त अप्रूप आहे.

त्या संध्याकाळी आमची गाडी बिल्डिंगपाशी आली, तेव्हा आई चपला घालून, पर्स घेऊन गेटबाहेर रिक्षाला हात करत होती. बाबा मला आणायला गेलेले असूनही तिला धीर निघाला नव्हता. मी उतरून तिचा हात धरला आणि विचारलं, कुठे निघालीस?

"स्टेशनवर," आई म्हणाली.