डाव्या बुटाची नाडी

दगूनानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या एकाच पायात बूट होता. अंबडच्या त्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून लागून मला जेमतेम दोन दिवस झाले होते. कोऱ्या हेल्मेटची ऐट उतरायची होती. आणि समोरून पन्नाशीकडे झुकलेला एक हडकुळा, उंच फिटर उजव्या पायात बूट, डावा पाय अनवाणी, हातात पाना अशा थाटात लग्नघरातल्या कर्त्या माणसासारखा लगबगीनं येत होता. मी हटकलं, "दुसरा बूट कुठाय?"

"ड्युटीवर हाय, साहेब," एवढंच म्हणून ते पुढे गेले. थांबलेसुद्धा नाहीत.

मी तणतणत मागे गेलो. बूट खरोखरच ड्युटीवर होता. ट्रान्सफॉर्मरच्या आवारात, पाण्याच्या पाइपवरच्या व्हॉल्व्हच्या चाकाला तो नाडीनं लटकत होता.

ही भानगड कळायला आधी ती यंत्रणा कळावी लागते. ती मी कॉलेजात शिकलो होतो आणि मला कळली नव्हती. नानांनी दहा मिनिटांत सांगितली. ट्रान्सफॉर्मरभोवती पाइपांचा पिंजरा असतो आणि त्याला उघड्या तोंडाचे फवारे. पाणी एका मोठ्या झडपेमागे अडवलेलं. ती झडप मिटून धरते हवा. एका बारीक नळीत कॉम्प्रेसरनं हवा भरून ठेवलेली असते, आणि त्या नळीला जागोजागी बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्या. आग लागली की कुपी तडकते, हवा निसटते, झडप उघडते आणि सगळे फवारे एकदम सुटतात. "पाणी कायम तयारच असतंय," नाना म्हणायचे. "हवा त्याला म्हणती, थांब. हवाच गेली तर त्याला कोण थांबवणार?"

पण कुपी बदलायची किंवा गळती काढायची तर हवा सोडावी लागते. म्हणून आधी झडपेखालचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करायचा, काम करायचं, हवा भरायची, झडप नीट बसवायची आणि सगळ्यात शेवटी तो व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा. हे शेवटचं विसरलं तर बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. हवेचा काटा जागेवर, कॉम्प्रेसर चालू, आणि आग लागलीच तर नुसती हवा सुटणार. नाना त्याला म्हणायचे, "नवरा घोड्यावर, वाजंत्री दारात, आन् नवरी पळालेली."

त्यावर त्यांचा उपाय म्हणजे तो बूट. व्हॉल्व्ह बंद केला की डावा बूट काढून चाकाला टांगायचा. उघडला की बूट पायात. आवारात सगळी खडी, एप्रिलमध्ये तर ती नुसती भाजायची. "डोकं इसरतं, साहेब. पाय नाय इसरत."

कारखाना त्यांना हसायचा. कँटीनच्या रांगेत कुणी ना कुणी ओरडायचंच, "नाना, आज एकच बूट का?" एकदा काम संपल्यावर ते घाईत बसमध्ये चढायला गेले, तेव्हा सगळी बस एका सुरात ओरडली, "बूट!" नाना कपाळावर हात मारून उलटे पळाले आणि बस त्यांच्यासाठी थांबली. मी त्यांना म्हटलं, लोक तुमची टिंगल करतात. तर म्हणाले, "करू द्या की. एका माणसाची आठवण कच्ची असती. शंभर जण हसले की पक्की होती."

पुढे कारखान्याला परदेशी प्रमाणपत्राची हौस आली. टाय लावलेले तपासनीस आले, त्यांना बूट दिसला आणि माझ्या नावे शेरा आला. मी लगेच लाल कार्डं छापून घेतली. 'व्हॉल्व्ह बंद आहे', खाली तारीख, त्याखाली माझी सही. सहीशिवाय काम करायचं नाही. नानांनी कार्ड हात लांब करून वाचलं. "ग्वाड हाय. पण कार्ड टोचत नाय ना, साहेब."

मी चिडलो. अंगात अधिकार नवा होता. आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेवटी मीच तह केला. बूट पायातच राहील, फक्त त्याची नाडी काढून चाकाला बांधायची. नानांनी तसं करून आवाराला एक फेरी मारली. सैल बूट प्रत्येक पावलाला फटफट वाजत होता. "वाजतोय," ते खूश होऊन म्हणाले. "चालंल." तेव्हापासून कार्डही लागायचं आणि नाडीही.

मला मुलगी झाली तेव्हा मी खात्यात पेढे वाटले. नानांनी पेढा हातात घेतला, कपाळाला लावला आणि परत खोक्यात ठेवला. मला राग आला. मुलगी झाली म्हणून नाक मुरडतात की काय, असं वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. नाना मला कॉम्प्रेसरच्या खोलीमागं घेऊन गेले.

"मी आधी मनमाडकडं एका गोदामात होतो," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह बंद करून गळती काढत होतो. हवा भरून झाली, आन् निरोप आला का लेक झाली. हातातला पाना तसाच टाकला, पेढे आणाया पळालो. समद्यांना वाटले. येऊन काटाबी बघितला. जागेवर होता. नवव्या दिवशी आग लागली. हवा सुटली, चांगली सूं करून सुटली. मी तिथंच उभा. पाणी काय आलं नाय. आत कचरू होता, माझा दोस्त. त्यानं दोन पेढे घेतले होते."

तुम्हाला कुणी विचारलं का, एवढंच विचारलं. "विचारलं. मी गप बसलो. पोरगी नऊ दिवसांची होती, साहेब." ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला आणि मला ठाऊक होती. त्यानंतर त्या बुटावर मी कधी हसलो नाही. उलट त्यांच्या मागं लागून सगळं काम शिकून घेतलं. चाक हळूहळू फिरवायचं, एकदम फिरवलं तर पाण्याचा धक्का बसून झडपच उघडते, हे त्यांनी माझा हात चाकावर धरून शिकवलं.

आणि मग, दोन हजार साल उलटून गेल्यावर, एका एप्रिलमधली ती दुपार. मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंग कसली होती, ते आज आठवत नाही. बाहेर धावपळ झाली म्हणून आलो, तर नाना कॉम्प्रेसरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले, घामानं निथळत होते. आम्ही त्यांना उचलून जीपमध्ये घातलं आणि सिडकोतल्या दवाखान्यात नेलं. काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, आणायला माणूस पाठवला. मी त्यांचा हात धरून बसलो होतो. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, बोलता येईना, पण डावा पाय सारखा हलवत होते. मला वाटलं, तळमळ होतेय. मी पायावर चादर घातली. त्यांनी ती झटकली. मी पुन्हा घातली आणि वरून हातानं पाय दाबून धरला. आज इतक्या वर्षांनीही तो पाय माझ्या तळहाताखाली हलतो.

काकू आल्या. तेवढ्यात सिस्टरनं नानांच्या वस्तूंची पिशवी माझ्या हातात दिली. घड्याळ, चष्मा, बूट. डॉक्टर त्यांची नाडी पाहत होते आणि मी त्यांच्या बुटाची. डाव्या बुटाला ती नव्हती.

मी कारखान्यात फोन लावला. गेटवरच्या माणसानं जाऊन पाहिलं आणि सांगितलं, "साहेब, काटा जागेवर आहे. सगळं ओके दिसतंय." कार्ड आहे का विचारलं, तर कार्ड लावलेलंच नव्हतं. ते माझ्या टेबलावर पडलं होतं. नाना सही घ्यायला आले होते, मी मीटिंगमध्ये होतो, आणि गळतीचं काम थांबण्यासारखं नव्हतं. त्या व्हॉल्व्हचं काम येणारा दुसरा फिटर रजेवर होता. राहिलो मी.

मी नानांच्या कानाशी वाकलो. "नाना, मी जाऊन उघडून येतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात सोडला. धरला होता तो मी, असं मला वाटत होतं. सोडला तो त्यांनी.

नाडी चाकाला दोन गाठी मारून बांधलेली होती. बोटांनी ती सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. ते सांगायचे तसं झडप नीट बसल्याची खात्री केली आणि चाक हळूहळू फिरवलं. पाणी पाइपातून वर चढल्याचा आवाज आला. मी परत पोहोचलो तेव्हा नानांच्या तोंडावरचा मुखवटा काढलेला होता.

त्या दिवशी आग लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या ट्रान्सफॉर्मरला मी तिथं असेपर्यंत कधीच लागली नाही. मी नानांजवळ बसून राहिलो असतो, तर कुणाचं काहीही बिघडलं नसतं. हा हिशेब मी अनेकदा मांडतो आणि तो दर वेळी मला छळतो. ज्या माणसानं मला काम शिकवलं, त्याच्या शेवटच्या घटकेला मी एक चाक फिरवत होतो.

काकू व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर ती पिशवी. मी समोर उभा राहिलो. माफी मागायची होती. त्यांनी वर पाहिलं.

"उघडला का?"

"उघडला, काकू."

त्यांनी हात पुढे केला. मी मुठीतली नाडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी पिशवीतून डावा बूट काढला, पदरानं पुसला आणि एकेका भोकातून नाडी ओवायला लागल्या. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, भोकं दिसत नव्हती. मी म्हटलं, "काकू, राहू द्या, मी करतो."

"नगं," त्या म्हणाल्या. "बिननाडीचा बूट घालून ते कधी घरी आले नाय."