आज जुंपायची नाही

इथे परदेशात, गुंगालिनला, आमच्या शेजारी राहणारा साताऱ्याकडचा मुलगा रोज त्याच्या युटने, म्हणजे मागे हौदा असलेल्या गाडीने कामावर जातो. गाडी लावली की तिच्या बॉनेटवर दोनदा थाप मारतो. त्या शुक्रवारी मात्र तो कडाक्याच्या थंडीत ट्रामच्या स्टॉपवर दिसला.

"गाडी बंद पडली का रे?"

"नाही दादा. उद्या ओढायचंय तिला. आज जुंपायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्याची पहिली ट्रक पुलिंगची स्पर्धा होती. मातीतून वजनाची घसरगाडी ओढायची. जितकं पुढे जावं तितकं वजन वाढत जातं. विश्रांतीने इंजिनाची ताकद वाढत नाही, हे मी त्याला नीट समजावलं. तो हसला.

"माहितीये हो. पण शर्यतीच्या बैलांना आदल्या दिवशी आम्ही जुंपत नव्हतो. कासरा कायम अण्णांच्या हातात. मला एकदाही दिला नाही. मी आपला कडेला उभा राहून ओरडायचो."

अण्णा, म्हणजे त्याचे वडील, आता नाहीत. बैलही नाहीत.

शनिवारी शंभर मीटरच्या पट्ट्यात त्याची युट एकसष्टाव्या मीटरला रुतली. फलकाकडे न बघता तो उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे आला.

"दादा, तुम्ही ओरडत होतात ना? आत ऐकू आलं."

मी ओरडत होतो खरा, पण त्या इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"म्हणजे तेव्हा अण्णांनाही माझं ऐकू जात असेल," तो म्हणाला.

"जात असणार," मी म्हणालो.