कागद भिजवण्यापुरतं पाणी

नांदेडहून लातूरची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या पिशवीत बारा रंगांची नवी पेटी, दोन कुंचले, जाड कागदांची गुंडाळी आणि जलरंग शिकवणारं एक पुस्तक होतं. वय छत्तीस. पोस्टात शिक्के मारण्यापलीकडे हाताला कला ठाऊक नव्हती. पण शाळेत चित्रकला शिकवणारे आमचे गुरुजी निवृत्त होऊन रेणापूरजवळच्या त्यांच्या गावी राहत होते आणि ‘आठ दिवस ये, हात वळवून देतो’ असं त्यांनी कळवलं होतं. मी लगेच रजा टाकली.

लोहा, अहमदपूर मागे पडलं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. खिडकीबाहेर मातीचा तेवढा एकच रंग, आणि मी शहाणा पेटीतला कुठला तपकिरी त्याला जुळेल याचा हिशेब करत होतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. स्टँडजवळच्या भाड्याच्या इमारतींवर नव्या कार्यालयांच्या पाट्या लागलेल्या. चहावाला ऐटीत म्हणाला, “आता उस्मानाबादच्या चकरा संपल्या. सायेब लोक हितंच बसून राहिलेत.”

रेणापूरला गाडी बदलून गावाच्या फाट्यावर उतरलो. गुरुजी काठी टेकत उभे होते. मी “जय भीम, गुरुजी” म्हणताच त्यांनी पिशवी ओढून घेतली. घरी तिघंच माणसं. गुरुजी, अंथरुणाला खिळलेली त्यांची आई आणि मॅट्रिक झालेली मुलगी कमल. कमलनं पाण्याआधी मला एक पत्रच दाखवलं. नव्या जिल्ह्यातल्या एका कार्यालयात तिची मुलाखत होती, गुरुवारी अकराला.

“सकाळी नवाची गाडी हाय, दादा. तीच एक. ती गेली की संपलं,” ती म्हणाली. त्यासाठी घेतलेली पिवळी साडी तिनं गादीखाली घडी घालून ठेवली होती.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाचं कालवण). मी चापून जेवलो.

दोन दिवस गुरुजींनी ओसरीवर धडे दिले. पाणी दिवसाला एक वाटी. “आधी पिवळा, मग तांबडा, निळा शेवटी. म्हंजे एकाच पाण्यात भागतं,” ते सांगत. “आन् पांढरा रंग लावायचा न्हाई. कागदच राखायचा.” माझ्या हाताला घाई फार. एकावर एक रंग चढवून मी चिखल करायचो आणि कागद पापडासारखा वाकडा व्हायचा.

बुधवारी संध्याकाळी पुस्तकात उपाय सापडला. कागद आधी पाण्यात पूर्ण बुडवून फळीवर ताणायचा. गुरुजी विहारात गेले होते. मी कमलकडे घंगाळ मागितलं.

“किती पानी लागंल, दादा?”

“कागद बुडेपर्यंत.”

तिनं रांजणाकडे एकदा पाहिलं. मग एक घागर ओतली आणि कागदाचा कोपरा वर राहिला म्हणून आणखी अर्धी. मी कागद भिजवला आणि वर त्याच पाण्यात रंगाचे कुंचलेही खळबळून घेतले. गोदाकाठच्या माणसाचा माज, दुसरं काय! ते निळसर पाणी शेळीनंही हुंगून सोडलं.

सकाळी फळी घेऊन फाट्याजवळच्या टेकाडावर बसलो. तेवढ्यात टँकर आला. बायकांची ही लांब रांग, लुगड्यांचे रंग, मागे उघडं माळरान. कागद टणक ताणलेला होता आणि हातही आज ऐकत होता. रांगेत एक पिवळी साडी होती. बाकीच्या जणी टँकरकडे बघत होत्या, तिची मान मात्र रस्त्याकडे वळलेली. मला तो डौल फार आवडला. नऊची गाडी आली, थांबली, गेली. तिच्या धुळीचा रंगसुद्धा मी ओल्या कागदावर सोडला आणि तो सुरेख पसरला.

गुरुजी शोधत आले. चित्र पाहून म्हणाले, “जमलं बरं तुला.” मग वाकून पाहिलं. “ही तर आमची कमल.”

“छे! ती तर लातूरला गेली.”

“न्हाई गेली. म्हातारीला प्यायला घरात थेंब नव्हता. शेजारचे रांजणबी कोरडे. टँकर यायला उशीर झाला, आन् बायांच्या लायनीत बापयाला (पुरुषाला) कोण उभं करतंय? साडी नेसूनच गेली, नंबर लवकर लागला तर तिथनंच गाडीत बसंन म्हणून.”

मी धावत घरी गेलो. कमल रांजणात घागर ओतत होती.

“काल सांगायचं होतंस ना मला!”

“पाव्हण्याला पानी न्हाई कसं म्हनायचं, दादा?”

सायकलवर डबलसीट रेणापूर, तिथून मालट्रक. लातूरला पोचेतो साडेबारा वाजून गेले होते. तिथला कारकून भला माणूस. त्यानं यादीची नक्कल काढून दाखवली. “ताई, दोनदा पुकारलं तुमचं नाव. यादी वर गेली आता.” मी हात जोडले, चूक माझी आहे म्हणालो. पण पोस्टातल्या माणसाला वर गेलेल्या कागदाचं काय होतं ते कळतं.

त्यानंतर धड्याला बसण्याचं तोंड मला नव्हतं. दोन दिवसांनी निघालो. फाट्यावर सोडायला आलेल्या कमलनं चित्र मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. म्हणाली, “लई छान काढलंय. गाडीकडं बघून राहिले ना मी हितं?”

नांदेडला ते चित्र पाहून सगळे त्या पिवळ्या साडीच्या वळलेल्या मानेचं कौतुक करतात. मला लाज वाटते. तिची मान वळलेली मला दिसली होती, मी ती नीट रंगवलीही. टेकाडावरून उठून चार पावलं खाली जावं आणि कोण बाई आहे ते पाहावं, एवढं मात्र मला सुचलं नाही.