लेकुरवाळी मरळ

साहेब गावात येणार म्हणून गाव नि तळं ज्याच्या मालकीचं त्या मालगुजाराने आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची गल्ली रंगवून घ्यायचं ठरवलं. देवळाची वाट आमच्याच गल्लीतून जाते. पाऊस नुकता उघडला होता. बाया चुना, गेरू, कोळसा घेऊन भिंतींशी बसल्या. काय काढायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला तळं माहीत. एकीने खेकडे काढले, एकीने झिंगे. सासूने दारापासून कोपऱ्यापर्यंत लांबच लांब वाम काढली. मी नवी सून होते, कोणाशी बोलायची नाही. मी लेकुरवाळी मरळ काढली. वर गेरूच्या ठिपक्यांची लाल पिल्लं, खाली राखण करणारी काळी आई. अशी मरळ आमच्यात मारत नाहीत. पिल्लं सुटी होईपर्यंत तिच्यावर जाळं टाकत नाहीत.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मालगुजाराचा दिवाणजी धोतराचा सोगा नाकाला लावून आला.

"मच्छ्या काऊन काढल्या व बाई? देवळाची वाट हाय. शेण फिरवा साऱ्यावर."

"चित्रालेबी वास येऊन राह्यला का दिवाणजी?" सासू म्हणाली.

बाया हसल्या, पण शेण कालवावंच लागलं. माझी मरळ मीच माझ्या हाताने झाकली.

हात धुऊन होतात तोच तो परत आला. "साहेबाले मरळ पायजे. मोठी."

नवरा म्हणाला, "भाऊ, मोठी एकच हाय तळ्यात, ते लेकुरवाळी हाय. तिले आमी नाई मारत. दुसरी कोनतीबी न्या."

"मंग उद्यापासून तळ्यात जाळं टाकू नको."

नवरा जाळं घेऊन तळ्यात उतरला. मी तळ्याच्या पाळीवर उभी होते. आई जाळ्यात गेल्यावर पिल्लांचा लाल घोळका वर येऊन तिथल्या तिथेच फिरत राहिला. मग खालून दुसरे मासे त्याला तोंड मारू लागले. नवरा घरी येऊन किती वेळ राखेने हात घासत होता.

साहेबाने ओल्या भिंती पाहिल्या आणि गाव स्वच्छ आहे म्हणाला. दुपारी मालगुजाराकडच्या उष्ट्या पत्रावळी नेहमीसारख्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन पडल्या. वरच मरळीचं डोकं होतं, चोखून टाकलेलं. शेजारी दिवाणजी दात कोरत उभा.

"रस्सा बेस झाला होता," तो म्हणाला.

त्याच्या बोटांना अजून तेल होतं. मी मागे सरले. भिंतीला हात टेकला तर हात शेणाने भरला.

पुढच्या वर्षी दुसरा साहेब येणार होता. गल्ली रंगवा असं सांगायला पुन्हा तोच आला.

सासू भात पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिवाणजी, यंदा चित्र आधी का शेण आधी? का सरळ रस्साच मांडू?"

तो वाटेतच उभा राहिला. कोणी कोळसाही उचलला नाही. मी घागर घेऊन तळ्याकडे निघाले. वाट अरुंद होती. त्याच्या जवळून जाताना मी पदर नाकाला लावला, आणि त्याला दिसेल असा लावला.