तळ्याचं हिरवं पाणी

आज शेततळ्यावर ओल्या शेवाळाचा वास आला आणि मला शेजारच्या वावरातले रामाकाका आठवले. एका उन्हाळ्यात सोसाट्याचं वारं सुटलं आणि त्यानंतर आमच्या तळ्याचं पाणी हिरवंगार झालं. तळ्यात मासे सोडलेले. वडिलांचा संशय थेट काकांवर गेला.

"काय टाकलंस बे पाण्यात?"

काकांनी वाकून ओंजळभर हिरवं पाणी घटाघट पिलं. "जहर असतं तर पिलो असतो का?"

आता कळतं, वाऱ्यानं तळाचा गाळ घुसळून वर आणला होता. गाळातलं खत वरच्या उन्हातल्या पाण्यात मिसळलं आणि बारीक शेवाळ माजलं. मासे पुढे त्यावरच पोसले. त्या दिवशी मात्र वडील संध्याकाळपर्यंत बांधावर बसून होते, काका कधी कोसळतात ते बघत.